सकर नको, मग कोण?

फिशटँकच्या दुकानात शनिवारी संध्याकाळी तासभर घुटमळलं की एक संवाद हमखास कानावर पडतो. गिऱ्हाईक म्हणजे बहुधा आई आणि सात-आठ वर्षांचं पोर. गप्पींची पिशवी झाली, टेट्रांची झाली, प्लास्टिकचं झाड झालं, बुडबुडे सोडणारा पाणबुड्याही झाला. पैसे द्यायला पर्स उघडते तेवढ्यात दुकानदार म्हणतो, "ताई, एक सकर घेऊन जा. टँक साफ ठेवतो."

"त्याला खायला काय घालायचं?"

"काही नाही. घाणच खातो."

आणि काचेला तोंडानं चिकटलेला, बोटभर लांबीचा, काळपट ठिपक्यांचा मासा तिसऱ्या पिशवीत जातो.

सकर घाण खात नाही. टँकमधला कुठलाच मासा दुसऱ्या माशाची विष्ठा खाऊन जगत नाही. लहानपणी तो काचेवरचं शेवाळ खरवडतो हे खरं, पण मोठा होत जातो तसा त्यातला रस कमी होतो आणि इतरांसाठी टाकलेलं खाद्य तो रात्री निवांत संपवतो. दिवसभर त्याच्या मागे विष्ठेच्या लांबच लांब दोऱ्या लोंबत असतात. टँकमधली घाण कमी करायला आणलेला मासा प्रत्यक्षात ती वाढवतो. आपल्याकडे सकर म्हणून विकला जाणारा मासा बहुतेक वेळा टेरिगोप्लिक्थिस या दक्षिण अमेरिकी गटातला असतो आणि तो चाळीस सेंटिमीटरच्या पुढे जाऊ शकतो. दिवाणखान्यातला नेहमीचा टँक दोन फूट लांब आणि एक फूट रुंद असतो. पूर्ण वाढलेल्या सकरला त्यात वळायचं म्हटलं तरी शेपूट दुमडावी लागते.

मग एक दिवस, बहुधा दिवाळीआधी घर रंगवायला काढलं की, हा सकर बादलीतून जवळच्या तळ्यात जातो. सोडणाऱ्याला पुण्य केल्यासारखं वाटतं. केरळ, तमिळनाडू, आंध्र, तेलंगण, पश्चिम बंगाल, सगळीकडच्या तळ्यांत आणि नद्यांत हे मासे आता वस्ती करून आहेत. अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असल्यामुळे इथले शिकारी त्यांच्या वाटेला जात नाहीत. काटेरी परांनी जाळी फाटतात, काठाच्या मातीत ते बिळं करतात, आणि बाजारात त्यांना गिऱ्हाईक नसतं. कोळ्याच्या जाळ्यात रोहू-कटल्याऐवजी सकर भरून आला की त्याचा दिवस फुकट गेला.

दुकानातल्या 'शार्क'चीही हीच कथा. चकचकीत करड्या रंगाची, सतत काचेवर नाक घासत फिरणारी ती तीन-चार इंची पिल्लं पंगासची असतात. हॉटेलच्या मेनूवर बासा म्हणून जो मासा येतो, आंध्रातल्या तळ्यांतून जो टनावारी निघतो, तोच हा. नदीत तो मीटरभराच्या वर वाढतो. पिक्टस नावाचा चंदेरी, ठिपकेदार आणि लांबलचक मिशांचा देखणा मासाही टँकमध्ये खपवला जातो. तो फार मोठा होत नाही, पण निऑन टेट्रा त्याच्या तोंडात अगदी नीट मावते, आणि सकाळी टेट्रा मोजायला घेतल्या की हिशेब लागत नाही.

हे तिन्ही मासे मिशीवाल्या, म्हणजे कॅटफिशच्या कुळातले. मासळी बाजारातला शिंगाळा आणि बंदी असूनही लपूनछपून विकला जाणारा थाई मांगूर हेही त्याच पसाऱ्यातले. एवढ्या मोठ्या खानदानातून घरच्या टँकसाठी लहान, शांत, तळाशी राहणारा मासा निवडायचा असेल तर 'साफ कोण करणार' या प्रश्नानं सुरुवात करून भागत नाही. साफसफाई हे फिल्टरचं आणि आपल्या बादलीचं काम आहे. दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलणं ज्यांना जमणार नसेल त्यांना कुठलाही कॅटफिश वाचवू शकत नाही. विचारायचं ते असं: माझ्या टँकचा तळ कसा आहे, नळाला पाणी कुठलं येतं, आणि मे महिन्यात ते किती तापतं?

या प्रश्नांची उत्तरं घेऊन दुकानात गेलं की दहातल्या आठ घरांसाठी बोट एकाच गटाकडे जातं. कोरिडोरास, दुकानाच्या भाषेत कोरी.

कोरी दक्षिण अमेरिकेतली. बोटाच्या दोन पेरांएवढी लांबी, सपाट पोट, कमानदार पाठ, अंगावर खवल्यांऐवजी एकावर एक बसवलेल्या हाडाच्या पट्ट्यांच्या दोन रांगा, तोंडाशी आखूड मिशा. ती एकटी कधीच राहत नाही. अंगणात सोडलेल्या कोंबड्या जशा थव्यानं माती उकरत सरकतात, मध्येच एखादी धावते आणि तिच्यामागे बाकीच्या धावतात, तसा कोरींचा जथा तळावरून फिरतो. सहापेक्षा कमी कोरी घेऊ नयेत असं जुने हौशी लोक सांगतात, ते दुकानदाराच्या फायद्यासाठी नव्हे. एकटी किंवा दुकटी कोरी झाडामागे दडून बसते, खात नाही, आणि घेणारा म्हणतो की हा मासा काही करतच नाही. ब्राँझ कोरींवर केंब्रिज विद्यापीठात रिव्हा रायली आणि सहकाऱ्यांनी केलेलं काम 2019च्या सुमारास प्रसिद्ध झालं. हे मासे एकमेकांना अंगानं हलकेच ढोसत असतात, आणि त्या ढोसण्यानं जथा एकत्र राहतो, असं त्यांना दिसलं. घरच्या टँकमध्ये हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. खाद्याची गोळी टाका आणि कोण कुणाला ढोसून बोलावतं ते बघा.

टँकशौकिनांचा या माशाशी संबंध फार जुना आहे. चार्ल्स डार्विन 'बीगल' जहाजातून दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर फिरला तेव्हा त्यानं गोळा केलेल्या माशांत एक ठिपकेदार कोरी होती. ते मासे अभ्यासायला दिले लेनर्ड जेनिन्स या पाद्री-निसर्गतज्ज्ञाकडे. बीगलवरची जागा आधी या जेनिन्सनाच देऊ केली होती आणि चर्चच्या कामामुळे त्यांनी ती नाकारली होती! त्यांनी 1842 साली या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे 1878 साली पॅरिसमध्ये पिएर कार्बोनिए यांनी तो बंदिस्त पाण्यात पैदा केला. आज आपल्या दुकानांत 'पेपर कोरी' म्हणून जी मिळते ती हीच, पॅलिएटस. दीडशे वर्षं माणसाच्या टाक्यांत पिढ्यान्पिढ्या वाढलेला हा मासा नवशिक्यांसाठी उत्तम, असं युरोपातली आणि अमेरिकेतली प्रत्येक पुस्तिका सांगते.

नागपूरकरानं ते वाचून पॅलिएटस घेतली तर मे महिन्यात ती गमवायची तयारी ठेवावी. परदेशी पुस्तिकांत आणि आपल्या घरांत इथे फारकत होते. त्या पुस्तिका गृहीत धरतात की घर थंड आहे आणि पाणी गरम ठेवायला हीटर लागणार आहे. पॅलिएटस मुळात अर्जेंटिना-उरुग्वेच्या बाजूची. तिथे हिवाळा असतो, आणि तिला अठरा ते तेवीस-चोवीस अंशांचं पाणी मानवतं. आपल्याकडे हीटर फार तर डिसेंबर-जानेवारीत, तोही नाशिक-पुण्याकडे लागतो. खरी परीक्षा उन्हाळ्याची. विदर्भात बाहेर पंचेचाळीस अंश असताना बंद घरातल्या टँकचं पाणी बत्तीस-तेहेतीसवर सहज जातं. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो. वीस अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम मावतो, तीस अंशांना साडेसातच. नेमक्या त्याच वेळी माशाच्या शरीराची भूक आणि श्वासाची गरज वाढलेली असते. त्यात वीज गेली आणि एअर पंप थांबला की तळाशी राहणाऱ्याचे हाल सगळ्यात आधी.

कोरीकडे यावर तिची स्वतःची तोड आहे. ती अधूनमधून बाणासारखी वर येते, पृष्ठभागावर हवेचा घोट घेते आणि तशीच खाली जाते. ही हवा ती गिळते, आणि आतड्याच्या शेवटच्या भागातल्या दाट रक्तवाहिन्यांतून प्राणवायू शोषून घेते. नवीन माणूस हे बघून घाबरतो. तासातून दोन-चारदा वर आली तर काही बिघडलेलं नाही. सगळ्या जथ्यानं मिनिटामिनिटाला वर धाव घेतली तर मात्र पाणी तपासायचं.

तेव्हा कोरी निवडायची ती मे महिन्याच्या हिशेबानं. या कसोटीवर सगळ्यात वर बसते स्टर्बाय. ब्राझील आणि बोलिव्हियाच्या सीमेवरच्या ग्वापोरे नदीच्या खोऱ्यातली, गडद अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा आणि छातीच्या परांना नारिंगी काटा. योआखिम क्नाक यांनी 1962 साली तिचं वर्णन केलं आणि लाइपझिगचे प्राणिशास्त्रज्ञ ग्युंटर स्टर्बा यांचं नाव तिला दिलं. अठ्ठावीस अंशांवर ती आरामात राहते. डिस्कससारखे गरम पाण्यातले मासे पाळणारे तिला म्हणूनच बरोबर ठेवतात. महाग असते, पण अकोला-नागपूर-चंद्रपूरकडच्या माणसानं बाकी कशावर काटकसर करावी, यावर करू नये.

ब्राँझ कोरी, म्हणजे एनिअस, ही सगळ्यांत सोशिक. थिओडोर गिल यांनी 1858 साली त्रिनिदादच्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं. उत्तर दक्षिण अमेरिकेत तिचा पसारा मोठा आहे, आणि दुकानातली गुलाबी-पांढरी, लाल डोळ्यांची अल्बिनो हे तिचंच रूप. मुंबई, ठाणे, पुणे, कोल्हापूर इथे डोळे झाकून घ्यावी अशी. अल्बिनोबद्दल एकच सावधगिरी: निळी, जांभळी, हिरवी कोरी कुणी दाखवली तर तिच्या अंगात रंग टोचलेला असतो. तो काही महिन्यांत फिका पडतो, आणि त्या सुईतून काय काय आत गेलं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. असा मासा ठेवणाऱ्या दुकानातून दुसरा मासाही घेऊ नये, असं माझं मत आहे.

पांडा कोरीवर मुलं भाळतात. पांढुरकं अंग, डोळ्यांवर, पाठीच्या परावर आणि शेपटीच्या बुडाशी काळा डाग. पेरूतल्या अँडीजच्या पायथ्याकडच्या नद्यांतली ही छोटीशी कोरी गार, वाहत्या पाण्याची. महाबळेश्वर-पाचगणीला कुणी टँक ठेवत असेल तर जरूर घ्यावी. मैदानी गावात, एसी नसलेल्या खोलीत, मी ती कुणाला सुचवणार नाही.

'जुली' म्हणून जी विकली जाते ती बहुतेक वेळा जुली नसते, ट्रायलिनिएटस असते. डोकं निरखून बघावं. सुटे ठिपके असले तर जुली, ठिपके जोडून जाळीदार नक्षी झाली असली तर ट्रायलिनिएटस. पाळायला दोघी सारख्याच, फक्त जुलीचे पैसे मोजू नयेत.

दीड फुटी टँक असेल तर वर सांगितलेली एकही नको. त्यासाठी पिग्मिअस, हॅस्टॅटस आणि हॅब्रोसस ही इंचभराची मंडळी आहेत. पिग्मिअसच्या अंगावर आडवी काळी रेघ, हॅस्टॅटसच्या शेपटीच्या बुडाशी ठिपका. या दोघी तळ सोडून मधल्या पाण्यात टेट्रांसारख्या थव्यानं पोहतात. हॅब्रोसस मात्र खरी तळाची. आठ-दहांचा घोळका घ्यावा लागतो, आणि अँजलफिशच्या टँकमध्ये त्या घातल्या तर अँजलची मेजवानी होते.

नावांबद्दल एक खुलासा केलेला बरा. ब्राझीलमधल्या संशोधकांच्या पुढाकारानं 2024 साली या गटाची मोठी फेरमांडणी झाली. एकट्या कोरिडोरास प्रजातीत दीडशेच्या वर मासे कोंबलेले होते, ते आता वेगवेगळ्या घरांत गेले. एनिअस आता ऑस्टिओगॅस्टर, पॅलिएटस, पांडा आणि स्टर्बाय हॉप्लिसोमा, पिग्मिअस आणि हॅस्टॅटस गॅस्ट्रोडर्मस. दुकानात मात्र अजून बरीच वर्षं 'कोरी'च चालेल.

पाण्याचं गणित त्या मानानं सोपं आहे. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणेचं आणि पुण्याला खडकवासल्याचं पाणी येतं. ते मऊ असतं आणि कोरीला मानवतं, फक्त क्लोरिन काढायचं. त्यासाठी अँटीक्लोरिनचे थेंब मिळतात. मराठवाडा-विदर्भात आणि शहरांच्या वाढत्या कडेला जिथे बोअरचं किंवा टँकरचं पाणी असतं तिथे ते जड असतं. बादलीच्या कडेला पांढरे थर धरणारं पाणी असेल तर त्यात घरच्या आरओचं पाणी मिसळून घ्यावं. बंदिस्त पैदाशीतल्या कोरी मध्यम जड पाणी सहन करतात. रानातून पकडून आणलेल्या करत नाहीत.

उन्हाळ्यात टँकच्या पृष्ठभागावर छोटा टेबलफॅन तिरपा लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. पाण्याची वाफ होते आणि तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. नागपूरच्या कोरड्या हवेत हा उपाय मुंबईच्या दमट हवेपेक्षा जास्त लागू पडतो. एक गोष्ट लोक विसरतात. वाफ होते ती शुद्ध पाण्याची, क्षार मागेच राहतात. उडालेलं पाणी रोज बोअरच्या पाण्यानं भरत राहिलं तर जूनपर्यंत टँकमधलं पाणी दुप्पट जड झालेलं असतं. भर घालायची ती आरओच्या पाण्याची. बॅटरीवर चालणारा एअर पंप फार महाग नसतो, भारनियमनाच्या गावात तो मासा आणण्याच्या आधी आणावा.

आता तळ. दुकानातली रंगीत खडी, निळी-गुलाबी, कोपऱ्यांची, सरळ नाकारायची. कोरीच्या मिशा ही तिची बोटं आणि जीभ दोन्ही आहेत. टोकदार खडीत आणि खडीच्या फटींत कुजणाऱ्या अन्नात त्या झिजतात, बुडापर्यंत जातात, आणि मग मासा खाद्य शोधू शकत नाही. तिला वाळू द्यावी. बारीक वाळू घातल्यावर ती काय करते ते जवळून बघण्यासारखं असतं. आधी मिशा पसरून वाळूवर टेकवते. मग थुंकल्यासारखी फुंकर मारते आणि डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसते. क्षणभर काहीच होत नाही. मग दोन्ही कल्ल्यांतून वाळूच्या बारीक धारा बाहेर सांडतात. खाण्याजोगं तोंडात राहतं, वाळू मागे जाते. मध्येच ती डोळा खाली फिरवते, आणि काचेच्या बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की आपल्याला डोळा मारला. खडीवर ठेवलेल्या कोरीला हे आयुष्यभर करता येत नाही.

वाळू कुठली, हा आपल्याकडे अवघड प्रश्न झालाय. नदीची वाळू सहजी मिळत नाही आणि बांधकामाच्या साइटवर जी असते ती क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली. तिचे कण धारदार असतात, ती अजिबात नको. समुद्राची वाळूही नको, तिच्यातल्या शिंपल्यांच्या चुऱ्यानं पाणी जड होतं. पाण्याच्या मोठ्या फिल्टरांत भरायची गोल कणांची सिलिका वाळू मिळते. ती पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायची आणि इंच-दीड इंचाचा थर द्यायचा. उंच टँकपेक्षा लांब-रुंद टँक घ्यावा. तळाच्या माशाला वरच्या पाण्याचा उपयोग नाही. दोन फूट बाय एक फूट तळावर सहा ब्राँझ किंवा स्टर्बाय बसतात. त्याहून ऐसपैस मिळालं तर उत्तम.

टँक नवा असेल तर थांबायचं. पाणी भरून, फिल्टर सुरू करून, अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजात रुजायला महिना-दीड महिना जातो. त्याआधी मासे सोडले तर वरचे कसेबसे तगतात, तळाच्याला जास्त भोगावं लागतं. 'आज टँक, आजच मासे' हे दुकानाचं अर्थशास्त्र आहे.

दुकानात कोरी निवडताना आधी मागे उभं राहून बघावं. जथा हलतोय का, पाठीचा पर उभा आहे का, कल्ले धापा टाकल्यासारखे चालताहेत का. मग काचेजवळ वाकून खालून पोट बघावं. पोट भरलेलं आणि पांढरट हवं, लाल चट्टे नकोत, खपाटीला गेलेलं नको. डोक्याच्या मागे खाच पडली असेल तर मासा बरेच दिवस उपाशी आहे. मिशा अखंड आहेत का बघावं. शक्य असेल तर समोर खायला घालायला सांगावं. "भाऊ, चार दाणे टाका बरं" म्हटल्यावर जो दुकानदार कुरकुर करतो त्याच्याकडून कालच आलेला माल घेऊ नये.

पकडताना जाळीत कोरीचे काटे अडकतात. पाठीचा आणि छातीच्या परांचा पहिला काटा ती ताठ करून अडकवून टाकते. तो ओढून सोडवायचा नाही, जाळी पाण्यात धरून तिला स्वतःहून सुटू द्यायचं. डबा बुडवून पकडली तर आणखी चांगलं. पिशवी दुहेरी हवी, काटे एकेरी प्लास्टिक फोडतात. घाबरलेली कोरी काट्यांच्या बुडाशी असलेल्या ग्रंथींतून विषारी द्राव सोडते. मोठ्या टँकमध्ये तो विरून जातो, छोट्या पिशवीत मात्र तीच मरू शकते. लांबचा प्रवास असेल तर जास्त पाणी, कमी मासे आणि वाटेत पाण्यावर फेस दिसला तर पाणी बदलणं. याच काट्यांमुळे फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर अशा मोठ्या तोंडाच्या माशांबरोबर कोरी ठेवायची नाही. गिळताना ती घशात अडकते आणि दोघंही जातात. गोल्डफिशही नको, त्याला गार पाणी लागतं आणि त्याची घाण फार.

खायला रात्री, दिवे मालवायच्या आधी, बुडणाऱ्या गोळ्या द्याव्यात. वर तरंगणारं खाद्य वरचेच फस्त करतात आणि 'उरलेलं' नावाची गोष्ट तळापर्यंत पोचत नाही. आठवड्यातून एकदा-दोनदा फ्रोझन ब्लडवर्म. जिवंत ट्युबिफेक्स नाल्यातून येतो, तो टाळलेला बरा. आणि मासा जरा मलूल दिसला की मूठभर खडेमीठ टाकण्याची आपल्याकडची रीत कोरीच्या टँकमध्ये चालत नाही. मॉलीला जे मीठ मानवतं ते हिला सोसत नाही.

शेवाळासाठी कुणी हवंच असेल तर ओटोसिंक्लस आहे, दीड इंचाचा, खरोखर शेवाळ खाणारा. पण तो बहुतेक वेळा नदीतून पकडलेला आणि उपाशी पोटी दुकानात आलेला असतो. नव्या, चकचकीत टँकमध्ये तो महिनाभरात मरतो. जुन्या, हिरवळलेल्या टँकसाठीच. सकरची हौस फिटत नसेल तर ब्रिसलनोज घ्यावा. पाच इंचांवर थांबतो, नराच्या तोंडावर झुडपासारखे कोंब फुटतात, आणि त्याला चघळायला लाकडाचा ओंडका लागतो.

आपल्या देशातले मासे का नकोत, हा प्रश्न हल्ली हौशी मंडळी विचारतात आणि तो रास्त आहे. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला अँकर कॅटफिश, एरेथिस्टेस जेर्डोनी, इंच-सव्वा इंचाचा, सुकल्या पानासारखा दिसणारा मासा कोलकात्याहून परदेशी जातो आणि तिथले लोक तो जपून पाळतात. शांत आहे, लहान आहे. पण तो दिवसभर दगडासारखा पडून असतो, त्याला गार आणि वाहतं पाणी लागतं, आणि उन्हाळ्याच्या कसोटीला पांडाइतकाच कच्चा. कोलकात्याच्या किंवा चेन्नईतल्या कोळत्तूरच्या पैदासकारांकडून येणारी ब्राँझ कोरी आपल्या हवेत जास्त टिकते. तिथेच जन्मलेली असल्यामुळे ती नदीतून काही ओरबाडूनही आणलेली नसते.

नदीतून ओरबाडण्याची ही बाजू महाराष्ट्रात जास्त जाणवते. पिवळ्या अंगावर काळे उभे पट्टे असलेला झेब्रा लोच, बोटिया स्ट्रायाटा, दुकानात सर्रास मिळतो. तो कॅटफिश नाही, पण तळाचाच. सह्याद्रीतून उगवून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या हेच त्याचं जगातलं एकमेव घर, आणि संकटग्रस्त माशांच्या यादीत त्याचं नाव आहे. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी 2020 साली शिस्टुरा हिरण्यकेशी हा नवा मासा सापडला. पुढच्याच वर्षी राज्य सरकारनं त्या जागेला जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केलं, तेही मुख्यतः हा मासा जपला जावा म्हणून. पट्टेवाला लोच मागितला तर विकणाऱ्याला तो कुठे पैदा झाला हे विचारावं. उत्तर नदीचं आलं तर ठेवून यावं.

कोरीची पैदास घरीही होते, आणि तिला त्यासाठी लागतो पावसाळा. त्यांच्या नद्यांत पहिल्या पुरानं पाणी गार आणि मऊ होतं, तो त्यांचा हंगाम. आपल्याकडे जूनमध्ये हवा उतरली की टँकमधलं तिसरा हिस्सा पाणी तीन-चार अंश गार पाण्यानं बदलावं आणि आठवडाभर ब्लडवर्म घालावेत. माद्या फुगलेल्या असतील तर एका सकाळी नर त्यांच्या मागे लागलेले दिसतात. मग जे होतं ते अजब आहे. मादी नराच्या पोटाशी काटकोनात तोंड लावून थांबते. ब्राँझ कोरींवर अभ्यास करून जपानच्या मासानोरी कोहदा आणि सहकाऱ्यांनी 1995 साली दाखवलं की मादी नराचं वीर्य पिते, ते तिच्या आतड्यातून झपाट्यानं पलीकडे जातं आणि पोटाच्या परांच्या खोबणीत धरलेल्या अंड्यांवर पडतं. मग ती खोबण जपत काचेपर्यंत जाते आणि चिकट अंडी एकेक करून काचेला लावते. हे दुपारपर्यंत चालतं.

अंडी तशीच ठेवली तर संध्याकाळपर्यंत टेट्रा आणि खुद्द आईबापच ती संपवतात. बोटानं हलकेच लाटून काढून, त्याच टँकच्या पाण्याच्या डब्यात, बारीक बुडबुड्यांखाली ठेवावीत. मिथिलीन ब्लूचा थेंब टाकला तर बुरशी धरत नाही. आपल्या तापमानाला तीन ते पाच दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि पोटातला बलक संपला की त्यांना ताजं आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जीवांची नुकती फुटलेली पिल्लं, लागतं. तीन महिन्यांत पिल्लं अर्ध्या-पाऊण इंचाची होतात. दुकानदार ती घेतो, पैसे क्वचित देतो, बहुधा बदल्यात खाद्याचा डबा किंवा दोन झाडं देतो. ही पिल्लं आपल्या गावच्या पाण्यात आणि आपल्या गावच्या उन्हाळ्यात वाढलेली असतात. ओळखीतल्या कुणाकडे अशी मिळत असतील तर दुकानात जायच्या आधी तिकडे फोन करावा.